मागावरचा संगणक आणि कारागिराचा हात

१ जानेवारी २०२४ची ती दुपार. नववर्षाच्या सुट्टीनिमित्त घरोघरी आप्तेष्ट जमलेले असताना जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोतो द्वीपकल्प ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने हादरले. या द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला वाजिमा नावाचे लहानसे शहर आहे. तेथील सकाळच्या बाजाराचा प्रसिद्ध परिसर त्या रात्री आगीत भस्मसात झाला. घरांबरोबर कार्यशाळाही कोसळल्या, जळाल्या. वाळवून ठेवलेले लाकूड, अर्धवट रंगवलेले वाडगे आणि वडिलांकडून मुलाकडे आलेली अवजारे ढिगाऱ्याखाली गेली. 'वाजिमा-नुरी' या नावाने जगाला ठाऊक असलेली, झाडाच्या चिकापासून तयार केलेल्या रोगणाने लाकडी भांडी मढवण्याची कला ज्या गल्ल्यांतून शतकानुशतके नांदली, त्या गल्ल्याच नाहीशा झाल्या.

त्याच शहरातील उरुशी कलेच्या संग्रहालयात एक मीटर व्यासाचा पृथ्वीगोल होता. तो मात्र शाबूत राहिला. काळ्याभोर चकचकीत पृष्ठभागावर सोन्याने रेखलेले खंड आणि रात्रीच्या अंधारात लुकलुकणारे शहरांचे दिवे असे त्याचे रूप आहे. वाजिमातील अनेक कारागिरांनी पाच वर्षे राबून २०२२मध्ये तो पूर्ण केला होता. अंतराळातून टिपलेल्या छायाचित्रांमुळेच आपल्या परिचयाचे झालेले हे पृथ्वीचे रूप. ते साकारले मात्र शेकडो वर्षे जुन्या हातकौशल्याने. २०२५मध्ये ओसाका येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हा गोल मांडला गेला आणि भूकंपग्रस्त प्रदेशाच्या जिद्दीचे प्रतीक म्हणून लोकांनी तो पाहिला.

जुनी कला, नवे तंत्र आणि समकालीन कलादृष्टी यांच्या संयोगाविषयी जपानमध्ये गेली काही वर्षे मोठे कुतूहल आहे. संगणकावर आखलेली वीण, त्रिमितीय मोजणीतून पुन्हा घडवलेली मूर्ती, चहाच्या डबीत दडलेला ध्वनिक्षेपक अशी उदाहरणे कौतुकाने सांगितली जातात. ती कौतुकास्पद आहेतच. परंतु या प्रयोगांमुळे कला जगते म्हणजे नेमके काय घडते, याचा विचार केल्याशिवाय त्यांचे मोल ठरवता येणार नाही.

संरक्षण लाभले, गिऱ्हाईक ओसरले

वारशाच्या जतनासाठी कायदा करण्यात जपान मागे नव्हता. नारा परिसरातील होर्यूजी या सातव्या शतकातील मंदिराच्या सुवर्णमंडपातील भित्तिचित्रे २६ जानेवारी १९४९ रोजी आगीत होरपळली आणि सारा देश हळहळला. त्या आघातातून १९५०चा सांस्कृतिक संपदा संरक्षण कायदा जन्माला आला. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने वास्तू आणि वस्तू यांच्याबरोबरच अमूर्त कौशल्यालाही संपदा मानले. एखाद्या कलेचे सर्वोच्च कौशल्य ज्यांच्या अंगी आहे, अशा व्यक्तींना १९५५पासून अधिकृत मान्यता मिळू लागली. लोकभाषेत त्यांना 'निन्गेन कोकुहो', म्हणजे 'मानवी राष्ट्रीय ठेवा' असे म्हणतात. शिष्य घडवणे आणि कौशल्य पुढे नेणे यासाठी त्यांना सरकारकडून वर्षाला २० लाख येनचे अनुदान मिळते.

पुढे १९७४मध्ये पारंपरिक हस्तोद्योगांच्या संवर्धनासाठी स्वतंत्र कायदा झाला. वस्तू प्रामुख्याने दैनंदिन वापराची असावी, तिच्या निर्मितीचा मुख्य भाग हाताने केलेला असावा, तंत्र आणि कच्चा माल परंपरेने चालत आलेला असावा आणि एका प्रदेशात पुरेशा संख्येने लोक तो व्यवसाय करत असावेत, अशा त्याच्या अटी आहेत. 'पारंपरिक' म्हणजे साधारणतः शंभर वर्षांहून जुने, असा अर्थ लावला जातो. आज या यादीत २४०हून अधिक कला आहेत.

इतके संरक्षण असूनही उतरण थांबली नाही. १९७९च्या सुमारास या व्यवसायांत सुमारे २ लाख ९० हजार लोक होते. २०१६च्या सुमारास ते ६० हजारांच्या आसपास उरले. १९८३च्या सुमारास वार्षिक उत्पादन सुमारे ५४ हजार कोटी येन होते. ते १० हजार कोटी येनच्याही खाली घसरले. याचे कारण राहणीच्या बदलात सापडते. घरातील तातामी चटयांच्या खोल्या कमी झाल्या, किमोनो लग्नकार्यापुरता उरला, आणि लाकडी वाडग्याची जागा यंत्रात धुता येणाऱ्या भांड्याने घेतली. कायदा कौशल्याला मान देऊ शकतो. ग्राहकाच्या घरात त्या वस्तूसाठी जागा तयार करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. नवे तंत्र आणि समकालीन कला यांच्याकडे कारागीर वळले ते या कोंडीमुळे.

परक्या यंत्राची जुनी ओळख

यंत्र आले की हस्तकला संपते, अशी एक सरधोपट समजूत आहे. क्योतोच्या निशिजिन भागाचा इतिहास तिला छेद देतो. निशिजिन म्हणजे 'पश्चिमेची छावणी'. पंधराव्या शतकातील ओनिन युद्धात पश्चिम सेनेचा तळ येथे पडला होता आणि युद्ध संपल्यावर परतलेल्या विणकरांनी त्याच जागी माग उभे केले. दरबार, सरदार आणि मंदिरे हे त्यांचे आश्रयदाते. १८६९मध्ये सम्राट टोकियोला गेले, सरंजामशाही मोडली आणि निशिजिनचे आश्रयदाते एकाएकी नाहीसे झाले.

तेव्हा क्योतोच्या प्रशासनाने १८७२मध्ये तीन जणांना फ्रान्समधील लिओं शहरी धाडले. तेथे त्यांनी जॅकार्ड माग पाहिला, शिकून घेतला आणि जपानला आणला. त्यापूर्वी नक्षीच्या मागावर एक माणूस वर बसून ताण्याचे धागे हाताने ओढत असे आणि खाली बसलेला विणकर बाणा भरत असे. जॅकार्डने वरच्या माणसाचे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवले: भोक असेल तेथे धागा उचलला जाई, नसेल तेथे खाली राही. त्या तिघांपैकी योशिदा चुशिचि घरी परतलेच नाहीत. १८७४मध्ये परतीच्या प्रवासात 'नील' नावाचे जहाज इझू द्वीपकल्पाजवळ बुडाले, त्यात त्यांचा अंत झाला. निशिजिनची आजची वीण ज्या यंत्रावर उभी आहे, त्याची किंमत एका माणसाच्या प्राणांनीही मोजली गेली आहे.

भोक आहे किंवा नाही, ही जॅकार्डची दोनच अक्षरांची लिपी होती. गणकयंत्राचे स्वप्न पाहणाऱ्या चार्ल्स बॅबेजने तिच्यापासून प्रेरणा घेतली. म्हणजे संगणकाचा एक पूर्वज मागावरच बसलेला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुठ्ठ्यांची जागा संगणकीय आज्ञावलीने घेतली, तेव्हा विणकरांच्या दृष्टीने ती एका जुन्या ओळखीची पुढची पायरी होती.

बाहेरचे वारे पचवण्याची अशी उदाहरणे आणखीही मागे नेता येतात आणि त्यातले एक आपल्या गोव्याशी जोडलेले आहे. सोळाव्या शतकात गोव्याहून निघालेली पोर्तुगीज गलबते मकावमार्गे जपानला पोहोचू लागली. त्यांच्यामार्फत जाणाऱ्या ग्राहकांसाठी क्योतोच्या कारागिरांनी उरुशीच्या पेट्या, प्रार्थनाग्रंथ ठेवण्याच्या घडवंच्या आणि छोटी देवघरे बनवली. 'नांबान' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्तूंवर जपानी सोनेरी नक्षीच्या जोडीला शिंपल्याचे भरगच्च जडावकाम दिसते आणि त्यावर गुजरातमधील शिंपलाकामाची छाया असल्याचे अभ्यासक मानतात. आज आपण जिला 'अस्सल परंपरा' म्हणतो, तिच्यातही परक्या ग्राहकाची मागणी आणि परदेशी तंत्र कधीतरी मिसळलेले असते.

बत्तीस सेंटिमीटरची चौकट

या इतिहासाचा ताजा धडा निशिजिनमधील होसोओ या घराण्याने घालून दिला आहे. १६८८मध्ये सुरू झालेला हा विणकामाचा व्यवसाय. किमोनोवर कमरेला बांधावयाचा रुंद पट्टा, म्हणजे 'ओबी', हे त्यांचे मुख्य उत्पादन. ओबीची रुंदी सुमारे ३२ सेंटिमीटर. शतकानुशतके माग त्याच मापाचे. कातडीसारख्या चिवट जपानी कागदावर सोन्याचांदीचा वर्ख चढवायचा, त्या कागदाचे केसाएवढे बारीक पट्टे कापायचे आणि ते रेशमाबरोबर बाणा म्हणून विणायचे, ही निशिजिनची खासियत. कापडाला त्यामुळे एकाच वेळी उठाव आणि चमक लाभते.

बारावे वारसदार मासाताका होसोओ यांच्या काळात या कापडाने ओबीची चौकट ओलांडली. पॅरिसमध्ये २००८मध्ये जपानी कलाकौशल्याचे प्रदर्शन भरले आणि पुढे ते न्यूयॉर्कलाही गेले. तेथे या विणीकडे अमेरिकी वास्तुरचनाकार पीटर मरिनो यांचे लक्ष वेधले गेले. फ्रान्सच्या दिओर या वस्त्रगृहाच्या दालनांसाठी त्यांना असे कापड हवे होते. त्यांची अपेक्षा पारंपरिक जपानी नक्षीची नव्हती. वितळलेल्या धातूसारख्या पृष्ठभागाची होती. अडचण एकच होती: भिंती आणि आसने मढवायला ३२ सेंटिमीटरचा पन्हा कामाचा नव्हता. जोड दिसले असते.

मग नव्या मापाचा माग बांधण्याचे ठरले. २०१०मध्ये १५० सेंटिमीटर रुंदीचे निशिजिन कापड विणणारा माग तयार झाला. हे वाटते तितके सोपे नव्हते. कागदी वर्खाचा पट्टा पिळ न पडता मागाच्या पूर्ण रुंदीतून ओढला गेला पाहिजे, ताण्याचा ताण दोन्ही टोकांना सारखा राहिला पाहिजे आणि तरीही यंत्राने विणकराची नजर दूर सारता कामा नये. ओबीचे ग्राहक ओसरत असताना या मागाने त्याच विणकरांना जगभरातील दालने, हॉटेले आणि कलाकार यांचे काम मिळवून दिले.

संगणकाचा खरा उपयोग त्यानंतर सुरू झाला. विणीच्या मूळ रचना मोजक्याच: साधी, तिरकी आणि साटीनची. बाकीचे वैविध्य त्यांच्या मिश्रणातून येते. २०२०मध्ये होसोओने क्योतोतील आपल्या कलादालनात 'क्वाझीक्रिस्टल' नावाचे प्रदर्शन भरवले. आज्ञावली लिहिणारे कलाकार आणि अभियंते यांनी विणकरांबरोबर बसून पूर्वी हाताने आखणे अशक्य होते, अशा विणी शोधल्या. क्वाझीक्रिस्टल म्हणजे नियमबद्ध असूनही तंतोतंत पुनरावृत्ती नसलेली रचना. कापडाच्या नक्षीत ठराविक अंतराने तोच आकार परत येतो, हा मागाचा हजारो वर्षांचा नियम. तोच येथे तपासून पाहिला गेला. टोकियो विद्यापीठातील संशोधकांसह केलेल्या पुढच्या प्रयोगांत तापमानासारख्या परिस्थितीला प्रतिसाद देत रूप बदलणारे कापड विणले गेले. त्यासाठी लागणारी अत्यंत पातळ पट्टी कापडात गुंफण्याचे कसब आले ते वर्खाचा कागद विणण्याच्या जुन्या सवयीतून.

या घराण्याने आपल्याकडील सुमारे २० हजार जुनी ओबी-रेखाचित्रे संगणकावर उतरवण्याचेही काम हाती घेतले आहे. फडताळात वाळवी लागण्याची वाट पाहणारी चित्रे नव्या रचनाकाराच्या पडद्यावर आली की तीच पुन्हा कच्चा माल ठरतात.

झाकणाचा आवाज

सगळेच प्रयोग इतक्या मोठ्या आकाराचे नसतात. क्योतोतील काइकादो हे १८७५पासून चहाच्या डब्या बनवणारे दुकान आहे. त्या काळी इंग्लंडहून येऊ लागलेला कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा हे त्यांचे माध्यम. म्हणजे ही 'परंपरा'ही एका आयात मालापासूनच सुरू झाली. एक डबी १३०हून अधिक टप्प्यांतून तयार होते. तिचे झाकण तोंडावर अलगद ठेवले की ते आपल्याच वजनाने, हवा बाहेर सोडत, संथपणे खाली उतरते आणि बसते. ना ढकलावे लागते, ना फिरवावे लागते. वर्षानुवर्षे हाताळल्याने धातूचा रंग पालटतो आणि ती डबी त्या घराची होऊन जाते.

पॅनासॉनिक कंपनीच्या रचनाकारांनी काइकादोबरोबर काम करताना याच हालचालीवर लक्ष केंद्रित केले. २०१९मध्ये आलेल्या 'क्योझुत्सु' या बिनतारी ध्वनिक्षेपकात झाकण उचलले की संगीत हळूहळू उमलते आणि झाकण खाली उतरू लागले की विरत जाते. कळ नाही, पडदा नाही. अशा १०० डब्याच काढण्यात आल्या. कारागिराने झाकणाचे माप शतांश मिलिमीटरच्या अंदाजाने जमवले नसते, तर आतील विद्युतयंत्रणा निरर्थक ठरली असती, ही त्यातील उल्लेखनीय गोष्ट.

हे सहकार्य एकाएकी जुळून आले नव्हते. २०१२मध्ये क्योतोतील सहा जुन्या व्यवसायांच्या तरुण वारसांनी 'गो ऑन' नावाचा गट स्थापन केला. विणकाम, चहाच्या डब्या, बांबूकाम, तारेच्या जाळ्या, लाकडी पिंपे आणि मातीची भांडी असे त्यांचे धंदे वेगवेगळे, पण अडचण एक: वडिलांचे ग्राहक राहिले नव्हते आणि स्वतःचे अजून मिळाले नव्हते. उद्योगसमूह, परदेशी रचनाकार, कलाकार यांच्याकडे एकेकट्याने जाण्याऐवजी त्यांनी एकत्र जायचे ठरवले.

ईशान्य जपानच्या टोहोकू प्रदेशातील प्रयत्न याच वाटेवरचा आहे. रचनाकार हिदेकी योशिमोतो यांच्या पुढाकाराने २०२४मध्ये 'क्राफ्ट एक्स टेक' हा उपक्रम पुढे आला. त्सुगारूचे रोगणकाम, नांबूची ओतीव लोखंडी भांडी, नारुको आणि कावात्सुरा येथील रोगणकाम, ओइतामाचे रेशीम आणि आइझू-होंगोची मातीची भांडी या सहा कलांच्या कारागिरांना जगातील नामवंत रचनाकारांबरोबर बसवण्यात आले. तयार झालेली कामे टोकियोत, स्वित्झर्लंडमधील बाझेलला आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडली गेली.

समकालीन शिल्पकार कोहेई नावा यांचे 'थ्रोन' हे शिल्प २०१८मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील काचेच्या पिरॅमिडखाली उभे होते. उंची १०.४ मीटर. त्याचा आकार संगणकावर घडवला गेला आणि वरचा सुवर्णवर्ख हाताने चढवला गेला. वर्ख चढवणाऱ्या कारागिराला देव्हाऱ्याच्या दारापलीकडचे काम येथे मिळाले. समकालीन कलेचे सर्वांत मोठे देणे हेच असावे: 'हे कशासाठी वापरायचे?' या प्रश्नाच्या बंधनातून ती कारागिराला थोडा काळ मोकळे करते आणि त्याच्या कौशल्याची कमाल मर्यादा काय आहे, हे त्यालाच दाखवून देते.

प्रतिकृती घडवताना

डिजिटल तंत्राचा दुसरा उपयोग नव्या वस्तूंपेक्षा गमावलेल्या वस्तूंसाठी होतो. टोकियो कला विद्यापीठाने 'सुपर क्लोन' या नावाने सांस्कृतिक संपदेच्या प्रतिकृती घडवल्या आहेत. होर्यूजी मंदिरातील ६२३ सालची शाक्यमुनी त्रिमूर्ती ही त्यांपैकी एक. मूर्तीला स्पर्श न करता तिची त्रिमितीय मोजणी केली गेली, त्यातून नमुना बनवला गेला आणि पुढे ताकाओका येथील ओतारी आणि इनामी येथील काष्ठशिल्पी यांनी काम हाती घेतले. ही दोन्ही गावे तोयामा प्रांतातील. एक धातूच्या ओतकामासाठी, दुसरे लाकडी कोरीवकामासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. मोजणीने आकार दिला; पितळ-कांस्य कोणत्या उष्णतेला साच्यात सोडायचे, ते थंड होताना किती आकसेल आणि पृष्ठभागाला चौदाशे वर्षांचे वय कसे द्यायचे, ते भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसांनीच ठरवले.

याच विद्यापीठाने १९४९मध्ये होरपळलेल्या होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या आणि २००१मध्ये बामियानला बुद्धमूर्तींबरोबर नष्ट झालेल्या छतचित्राच्याही प्रतिकृती केल्या. होर्यूजीच्या त्या भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक नेहमी अजिंठ्याशी करतात. ही केवळ शैलीची तुलना नाही. चित्रकार आराइ कान्पो हे रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून भारतात आले, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्यांनी चित्रांच्या नकला केल्या आणि १९४० साली होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे राष्ट्रीय काम सुरू झाले, तेव्हा त्यातही ते सहभागी झाले. नक्कल करणे म्हणजे मूळ चित्रकाराच्या हाताची गती स्वतःच्या हातात उतरवून घेणे, अशी ती साधना होती.

कॅनन कंपनीने क्योतोतील संस्थेच्या साथीने २००७मध्ये सुरू केलेला 'त्सुझुरी' उपक्रमही असाच. जुन्या चित्रपडद्यांची अतिसूक्ष्म छायाचित्रे घेऊन ती छापायची, त्यावर क्योतोच्या कारागिराने खरा सोन्याचा वर्ख लावायचा आणि पडदे मढवणाऱ्यांनी ते पारंपरिक पद्धतीने उभे करायचे. मूळ चित्र संग्रहालयाच्या थंड अंधारात सुरक्षित राहते आणि प्रतिकृती मंदिराच्या मूळ जागी, बदलत्या उजेडात पाहता येते. येथेही छपाईयंत्राच्या शेजारी वर्ख लावणारा हात आहे, म्हणून त्या हाताला काम आहे.

संगणकात न मावणारे

आता दुसरी बाजू. उत्तम छपाईयंत्राने कापडावर हाताने रंगवल्यासारखी यूझेन नक्षी उमटवता येते. असे किमोनो बाजारात आहेत, स्वस्त आहेत आणि दहा पावलांवरून पाहणाऱ्याला फरकही कळत नाही. त्यामुळे किमोनो टिकतो, हे खरे. तांदळाच्या खळीने बाह्यरेषा ओढणारा कारागीर मात्र टिकत नाही. एकच तंत्र एका ठिकाणी हाताला काम देते आणि दुसऱ्या ठिकाणी ते हिरावून घेते. भेद यंत्रात नसतो. यंत्र कामाच्या कोणत्या टप्प्यावर बसवले, त्यावर तो ठरतो.

त्याहून अवघड प्रश्न कच्च्या मालाचा. आपल्याकडे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर चढते ती लाख कीटकांपासून मिळते. जपानी उरुशी हा झाडाचा चीक. हे झाड काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातले. म्हणूनच ओली उरुशी अंगाला लागली की बिब्बा उतल्यासारखी कातडी उठते. झाड दहा-पंधरा वर्षांचे झाले की उन्हाळ्यापासून शरदापर्यंत त्याच्या खोडाला चरे पाडून चीक गोळा करतात. एका झाडातून मिळतो जेमतेम २०० ग्रॅम आणि त्यानंतर ते झाड तोडावे लागते. जपानमध्ये वापरल्या जाणाऱ्या उरुशीचा फार मोठा भाग चीनमधून येतो. देशी उरुशीचे मुख्य केंद्र इवाते प्रांतातील जोबोजी. राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी देशी उरुशीच वापरावी, असे धोरण सरकारने २०१५मध्ये जाहीर केले, तेव्हा पुरवठ्याची उणीव ठळकपणे पुढे आली. गोव्यातील वाचकांना गंमत वाटेल, पण स्वस्त वस्तूंसाठी उरुशीला पर्याय म्हणून जपानमध्ये काजूच्या टरफलातील तेलापासून बनवलेले रोगण सर्रास वापरतात आणि त्याला 'काशू' असेच म्हणतात. ते दिसायला जवळचे असते. मात्र उरुशीसारखे दमट हवेत हळूहळू कडक होत जाणे आणि वापरागणिक खुलणे त्याला जमत नाही.

तिसरा प्रश्न अवजारांचा. निशिजिनमध्ये एक ओबी तयार होईपर्यंत वीसहून अधिक वेगवेगळी कामे वेगवेगळ्या घरांत होतात. कोणी रेशीम रंगवतो, कोणी ताणा भरतो, कोणी वर्खाचा कागद कापतो. धोटा बनवणारा, फणी बांधणारा यांची संख्या तर बोटांवर मोजण्याइतकी. यांची नावे प्रदर्शनाच्या फलकावर नसतात. त्यांच्यापैकी एकाने दुकान बंद केले, तरी साखळीची पुढची कडी निखळते. लाखो नक्षी संगणकावर जतन झाल्या आणि धोटाच मिळेनासा झाला, तर त्या नक्षी विणणार कशाने?

आणि शेवटी ज्ञान. उरुशीचा थर किती जाड हवा, हे त्या दिवशीच्या हवेतील ओलाव्यावर ठरते. वाजिमाचा कारागीर केसांच्या ब्रशने थर ओढताना दाबातला फरक मनगटाने ओळखतो. चित्रफीत, हालचालींची मोजणी, तापमापक यांची शिकाऊ मुलाला मदत होते. गुरूच्या हातावर कॅमेरा रोखून ठेवला की पूर्वी तीन वर्षांनी उमगणारी गोष्ट कदाचित एका वर्षात दिसते. दिसण्यापासून जमण्यापर्यंतचे अंतर मात्र त्याला स्वतःच्या हातांनीच कापावे लागते आणि त्या वर्षांत त्याच्या पोटापाण्याची सोय कोणीतरी करावी लागते.

कसोटी

इसे येथील शिंतो महामंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधले जाते. सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही प्रथा मधल्या युद्धकाळातील खंड वगळता चालू आहे. ६२वे पुनर्निर्माण २०१३मध्ये झाले आणि पुढचे २०३३मध्ये व्हावयाचे आहे. मंदिराबरोबर देवतेची वस्त्रे, शस्त्रे, पेट्या अशा दीड हजारांहून अधिक वस्तू पुन्हा घडवल्या जातात. वीस वर्षांचे हे अंतर अर्थपूर्ण आहे. विशीत जो मदतनीस असतो, तो चाळिशीत मुख्य कारागीर होतो आणि साठीत पुढच्या पिढीवर देखरेख करतो. वस्तू जुनी ठेवण्याचा हट्ट न धरता ती करणारा माणूस पुन्हा पुन्हा तयार करत राहणे, ही जतनाची एक वेगळीच कल्पना आहे.

डिजिटल प्रयोगांनाही हीच कसोटी लावायला हवी. प्रदर्शन किती देशांत फिरले, कापड कोणाच्या दालनात लागले, प्रतिकृती मूळाशी किती जुळली, या गोष्टी महत्त्वाच्या असल्या तरी दुय्यम आहेत. त्या प्रयोगामुळे एखाद्या तरुणाला वा तरुणीला मागापाशी किंवा भट्टीपाशी दहा वर्षे बसून शिकण्याइतके उत्पन्न आणि शिकल्यानंतर करण्याजोगे काम मिळाले का, हा पहिला प्रश्न. होसोओच्या रुंद मागाने या प्रश्नाला होकार दिला. काइकादोच्या १०० डब्यांनी कदाचित थोडासाच दिला, पण चहा न पिणाऱ्यांना त्या झाकणाची ओळख करून दिली. नक्षी छापून देणाऱ्या यंत्राने किमोनो वाचवला आणि या प्रश्नाकडे पाठ फिरवली.

वाजिमामध्ये उरुशी कलेचे शिक्षण देणारी एक प्रांतिक संस्था १९६७पासून आहे. मानवी राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलेले कारागीर तेथे शिकवतात. भूकंपानंतर तिचे वर्ग थांबले, विद्यार्थी विखुरले. त्याच वर्षी शरद ऋतूत ते पुन्हा सुरू झाले. तात्पुरत्या कार्यशाळांमधून शहरातील कारागीरही हळूहळू कामाला लागले. सोनेरी दिव्यांचा तो पृथ्वीगोल ओसाकाच्या प्रदर्शनात लाखोंनी पाहिला, याचा आनंद त्यांना आहेच. पण असा दुसरा गोल घडवण्याची वेळ आली, तर काळ्या पृष्ठभागावरचा शेवटचा थर ओढायला बसणारा हात आज त्या वर्गांत लाकडी वाडग्यावर सराव करत असला पाहिजे.